एका कान्याचे अंतर

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील वार्ताहर आणि वाचक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीत काही क्रियापदे जोडीने नांदतात. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, गळणे आणि गाळणे, जळणे आणि जाळणे. लिहिताना दोहोंत अंतर एका कान्याचे. पण कान्याच्या अलीकडे माणूस नसतो आणि पलीकडे असतो. ‘घर जळाले’ या वाक्यात कर्ता कोण, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो ‘घर’ असे सांगेल, आणि व्याकरणाच्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील. जळण्याची क्रिया घराने केली! ‘घर जाळले’ असे म्हणताच घराचे कर्म होते आणि वाक्य आपण होऊन विचारू लागते : कोणी?

या दोहोंच्या मध्ये कचेरीच्या मराठीने तिसरे एक वाक्य आणून बसवले आहे : ‘घर जाळण्यात आले.’ यात कोणीतरी जाळले हे मान्य असते, नाव मात्र फाईलमध्येच राहते. लबाडीचे म्हणून या वाक्याला नावे ठेवली जातात. परंतु नाव खरोखरच ठाऊक नसेल तेव्हा तेच प्रामाणिक असते. म्हणून बातमी लिहिणाऱ्यापुढे पर्याय तीन : जळाले, जाळण्यात आले, अमक्याने जाळले. आजचे विवेचन वृत्तपत्रांतल्या या एका क्रियापदापुरते आहे.

या विषयासाठी सातारा-सांगलीइतकी योग्य भूमी दुसरी नाही. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कराडजवळच्या टेंभूत जन्मले. आज ते गाव उपसा सिंचन योजनेमुळे पेपरात येते, आगरकरांमुळे क्वचितच. परंपरावाद्यांशी त्यांचे जन्मभर वाकडे राहिले हे खरे. तरीही मराठी वाक्याच्या पृथक्करणावर स्वतंत्र पुस्तक लिहिणारा हा संपादक कर्ता आणि कर्म यांच्याबाबत जितका दक्ष होता तितकी दक्षता नंतरच्या किती संपादकांनी पाळली, हा प्रश्नच आहे. सांगलीने नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर दिले. तेही ‘केसरी’च्या संपादकपदी होते आणि पुढे १९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ काढला. एकूण, वाक्य जपून वापरण्याची परंपरा या भागाला परकी नाही.

आरंभ उसाच्या फडापासून केलेला बरा. कारखान्यांची धुराडी पेटली की कृष्णाकाठच्या वृत्तपत्रांत ‘अमुक एकर ऊस जळाला’ ही बातमी ठरलेली. ‘जळीत ऊस’ हा तर या भागातला रूढ शब्द. जळीत उसाचे वजन घटते, तो लवकर गाळला नाही तर साखर उतरते, म्हणून कारखाने त्याच्या दरात कपात करतात. आता हा ऊस कसा जळतो? विजेच्या लोंबकळत्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते, तेव्हा तो जळतो. पाचट काढण्याचे कष्ट वाचावेत म्हणून तोडणारी टोळी कधीकधी फड पेटवते, तेव्हा तो जाळला जातो. शेजारच्या भाऊबंदाने बांधाच्या वादातून काडी टाकली, तरी जाळलाच जातो. आणि ज्या हंगामात ऊस उदंड आणि तोड मिळत नाही, तेव्हा लावणाराच छातीवर दगड ठेवून आपला ऊस पेटवतो, कारण जळीत उसाला तोड लवकर मिळते. या चारही प्रसंगी बातमीत क्रियापद एकच, ‘जळाला’. वस्तुतः पहिल्यात वीज कंपनीकडे भरपाई मागायची असते, दुसऱ्यात मुकादमाला जाब विचारायचा असतो, तिसऱ्यात पोलीस ठाणे गाठायचे असते आणि चौथ्यात कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमावर बोट ठेवायचे असते. तलाठ्याच्या पंचनाम्यात जे क्रियापद येईल त्यावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून. वार्ताहराने मात्र एकच शब्द लिहून चौघांनाही मोकळे सोडलेले असते.

उसापेक्षा माणूस मोलाचा. मिरज हे शंभर वर्षांहून अधिक काळ रुग्णालयांचे गाव. दोन्ही जिल्ह्यांतून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रोगी तिथे आणले जातात. मोठ्या रुग्णालयांतल्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षाला बोलीत ‘जळीत वॉर्ड’ म्हणतात. १९८० च्या दशकात, राज्यातल्या कोणत्याही दैनिकात, ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता जळाली’ ही आतल्या पानावरची चार ओळींची बातमी वाचकांच्या इतकी परिचयाची झाली होती की तिच्यावर नजर थांबेनाशी झाली. एक साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. स्टोव्ह घरातले सगळेच हाताळत, सासू चहा करी, नणंद पाणी तापवी. मग भडका नव्या सुनेच्याच अंगावर का उडतो? समाजाने तो प्रश्न विचारला तेव्हा १९८३ मध्ये दंडविधानात कलम ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी ती तरतूद नव्या क्रमांकांखाली कायम आहे.

या जळीत वॉर्डातच मराठी क्रियापदाची सर्वांत कठोर परीक्षा होते. मरणोन्मुख स्त्रीची मृत्युपूर्व जबानी नोंदवली जाते. ‘मी जळाले’ असे ती म्हणाली तर तो अपघात. ‘मी पेटवून घेतले’ म्हणाली तर आत्महत्या. ‘मला पेटवले’ म्हणाली तर खून. दाराबाहेर सासरची माणसे उभी असतात, घरी तान्हे मूल असते, आणि ती तिघांतले एक क्रियापद निवडते. ती ‘जळाले’ म्हणाली म्हणून ते खरेच असते असे नाही. मुलाला बाप तरी उरावा एवढाच विचार त्यामागे असू शकतो. तिला तो अधिकार आहे. बाहेर वही घेऊन उभ्या असलेल्या वार्ताहराला तो नाही. त्याने ‘जळाल्याचे जबानीत म्हटले आहे’ असे लिहावे. ‘जळाली’ असे स्वतःच्या पदरचे लिहू नये.

हे झाले नित्याचे. आता ज्या दोन वर्षांनी या भागाचा चेहरा घडवला त्यांच्याकडे वळू. १९४२ आणि १९४८.

१९४२ मध्ये सांगली जिल्हा नव्हता. आजच्या सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात होता, आणि मध्ये सांगली, मिरज, औंध, फलटण अशी संस्थाने पसरलेली. ‘चले जाव’च्या ठरावानंतर तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कचेऱ्यांवर मोर्चे गेले. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वडूजला परशुराम घार्गे पडले, इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. तारा तोडल्या गेल्या, चावड्या जाळल्या गेल्या, सरकारी दप्तरांची होळी झाली, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. या मंडळींच्या पुढे झालेल्या राजकीय वाटा संघविचाराच्या नव्हत्या, त्यांतले बरेच जण डाव्या पक्षांत गेले. परंतु भाषेच्या बाबतीत त्यांचे ऋण मानले पाहिजे. या पिढीतल्या वृद्धांनी उतारवयात आठवणी सांगितल्या त्यांत चावडी कधी ‘जळाली’ नाही. ‘आम्ही जाळली’ असेच ते सांगत. कृत्य आपले होते, त्याची शिक्षा भोगायची तयारी होती, म्हणून कर्ता लपवण्याचे कारण नव्हते.

पाच-सहा वर्षे लोटली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसेने महात्मा गांधींची हत्या केली. इथेही वाक्य पूर्ण लिहिणेच रास्त. ‘गांधीजींची हत्या झाली’ या वाक्यात कर्ता गळतो, आणि ‘वध’ हा शब्द वापरला तर निकाल आधीच देऊन टाकल्यासारखे होते. मराठीत वध असुराचा होतो. कोणत्या बाजूचा वाचक दुखावेल याचा विचार क्रियापद निवडताना करायचा नसतो.

त्या हत्येनंतरच्या दिवसांत सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. मॉरीन पॅटर्सन या अमेरिकी अभ्यासिकेने या विषयाचा माग काढला. त्यांनी नोंदवलेला अधिकृत आकडा एकट्या सातारा जिल्ह्यात सुमारे तीनशे गावांतल्या सुमारे एक हजार घरांचा आहे. ज्यांचा त्या हत्येशी काडीचा संबंध नव्हता अशा भिक्षुकांची, शाळामास्तरांची, कुलकर्ण्यांची ही घरे. कित्येक कुटुंबांना शेजाऱ्यांनीच, त्यात मराठे होते, दलित होते, मुसलमानही होते, धान्याच्या कणगीआड, गोठ्यात, मळ्यातल्या वस्तीवर लपवून वाचवले. हेही त्याच इतिहासाचे पान आहे आणि ते गाळून सांगणे कृतघ्नपणाचे होईल.

आणि या साऱ्याला नाव काय पडले? ‘अठ्ठेचाळीसचे जळीत.’ जळीत! चावडी ‘जाळली’ जाते आणि वाडा ‘जळतो’. तेच तालुके, तेच घासलेट, तीच काडी. बदलला तो कान्याचा मुक्काम. ज्यांची घरे गेली त्यांना ‘जळीतग्रस्त’ म्हटले गेले. हा प्रत्यय पाहण्यासारखा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात भूकंप झाला, पाटण तालुका हादरला; तिथली माणसे भूकंपग्रस्त. २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या पेठांत शिरली. ती माणसे पूरग्रस्त. धरणीकंप आणि महापूर यांच्या पंक्तीला शेजाऱ्याने लावलेली आग बसवली की ती दैवी आपत्ती होते. दैवाला कोण जाब विचारणार?

या भाषेला वाङ्मयानेही नकळत हात दिला. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी १९६४ मध्ये या घटनांवर कादंबरी लिहिली. पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या नजरेतून पाहिलेला तो काळ आहे, आणि मराठीत या विषयावर इतके संयमाने लिहिलेले दुसरे पुस्तक सापडणे कठीण. तिचे नाव ‘वावटळ’. कलावंताला रूपकाचा हक्क असतो. पण कादंबरीचे रूपक वृत्तपत्रांनी उचलले, आणि पुढे दर काही वर्षांनी येणाऱ्या लेखांत ‘त्या वावटळीत’, ‘त्या वणव्यात’, ‘त्या लाटेत’ असे शब्द वाचायला मिळू लागले. वावटळ कोणी उठवत नाही, वणवा कोणी पेटवला हे डोंगर सांगत नाही, लाटेचा पत्ता नसतो. मराठी पत्रसृष्टीने या एका घटनेसाठी निसर्गाचा सगळा कोश वापरला, माणसाचा नाही.

त्याहून सूक्ष्म असे आणखी एक क्रियापद त्या काळातून चालत आले आहे. ‘ब्राह्मणांनी गाव सोडले.’ इथे कर्ता आहे, ठसठशीत आहे. फक्त चुकीचा आहे. पुण्यामुंबईत जाऊन दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्याने गाव सोडले नाही, त्याला ते सोडावे लागले. त्याच वर्षी आलेल्या कूळकायद्याने जमिनीही गेल्या. कायद्याचे प्रयोजन न्याय्य होते की नव्हते हा वेगळा विषय. पण घर आणि जमीन दोन्ही गेल्यावर उठलेल्या बिऱ्हाडाला ‘शहरात स्थलांतर केले’ असे म्हणणे म्हणजे, नोकरी बदलून गेलेल्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलणे.

आता कोणी विचारील की, पाऊणशेहून अधिक वर्षांनंतर ‘जाळले’ म्हणून काय साधायचे? जुनी भांडणे उकरायची? उत्तर असे की, ‘जळाले’ म्हटल्याने भांडण मिटलेले नाही, ते नुसते पसरले आहे. कर्ता नेमका सांगितला नाही की संशय सगळ्यांवर जातो. पुण्यात वाढलेल्या नातवाला आजोबांनी ‘आपले घर जळाले’ एवढेच सांगितले, आणि नातवाने रिकामा राहिलेला कर्ता आपल्या मनाने भरला. भरला तोही एका अख्ख्या जातीने. दुसऱ्या बाजूला गावातल्या नातवाला काहीच सांगितले गेले नाही. त्याला वेशीजवळचे रिकामे जोते गुरे बांधायची जागा म्हणून ठाऊक आहे. समरसतेला बाधा आणणारे काही असेल तर ते हे. अमुक गावच्या, अमुक टोळक्यातल्या, अमुक माणसाने जाळले असे म्हटले की त्याच गावचा लपवून ठेवणारा मराठा शेतकरी आपोआप निर्दोष ठरतो. नाव व्यक्तीचे घ्यावे लागते. जातीचे नाव कर्ता म्हणून घालणे हे ‘जळाले’ म्हणण्याइतकेच असत्य आहे, आणि १९४८ मध्ये घरे जाळणाऱ्यांनी नेमके तेच केले होते : एका माणसाच्या क्रियापदाला एक जात कर्ता म्हणून लावली.

हाच न्याय १९७८ च्या मराठवाड्याला लावला पाहिजे. नामांतराच्या ठरावानंतर तिथे दलितांची घरे जाळली गेली. तीही जळाली नव्हती.

गोध्र्याचा विषय इथे अपरिहार्य आहे, कारण या क्रियापदावर देशाने इतका मोठा वाद दुसऱ्या वेळी घातलेला नाही. २७ फेब्रुवारी २००२ रोजी साबरमती एक्स्प्रेसचा एस-६ डबा, आणि त्यात ५९ माणसे. डबा जळाला की जाळला? २००४ मध्ये रेल्वे मंत्रालयाने न्या. बॅनर्जी समिती नेमली, तिने आग अपघाती म्हटली, म्हणजे ‘जळाला’. गुजरात उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्या समितीची नेमणूकच बेकायदा ठरवली. २००८ मध्ये नानावटी आयोगाने कट असल्याचे म्हटले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये विशेष न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवून ६३ जणांना सोडले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, फाशीच्या ११ शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. निकाल ‘जाळला’ असा लागला, आणि ६३ जणांपुरता ‘यांनी नाही’ असाही लागला. त्या काळात ज्या सेक्युलर पत्रपंडितांनी घाईने ‘जळाला’ लिहिले त्यांना पुढे ते खोडावेसे वाटले नाही, ही तक्रार या पानांवर अनेकदा झाली आहे आणि ती खरी आहे. परंतु वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ रोजी जी माणसे मेली तीही जाळलीच गेली होती. तो खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत चालवावा लागला. ‘गोध्र्यात जाळले, वडोदऱ्यात जळाले’ असे वाक्य लिहिणारा लेखणी विकत नसेल, पण तराजूची दांडी दाबतो.

जाता जाता जोडीतल्या दुसऱ्या क्रियापदाबद्दल. ६ डिसेंबर १९९२ चा उल्लेख करताना आपल्याकडच्या वक्त्यांच्या तोंडी ‘ढाचा पडला’, ‘ढाचा कोसळला’ असे शब्द येतात. कारसेवकांनी ढाचा पाडला. त्याचा अभिमान वाटो वा खंत, क्रियापद ‘पाडला’ हेच आहे.

‘जाळले’ लिहिणे सोपे आहे असे मात्र कोणी समजू नये. १८८१ च्या अखेरीस ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे छत्रपतींचा छळ करतात असा आरोप केला. कर्ता नावानिशी सांगितला, क्रियापद सकर्मक वापरले, हेतू निर्मळ होता. ज्या पत्रांच्या आधाराने लिहिले ती बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आपल्याला ‘लोकमान्य’ आणि ‘सुधारक’ आठवतात; डोंगरीच्या कोठडीत मात्र पुराव्याशिवाय कर्ता लिहिलेले दोन तरुण बसले होते. आज भ्रमणध्वनीवर आलेले कोणाचे तरी चित्रफितीचे तुकडे पाहून दहा मिनिटांत ‘यांनीच पेटवले’ असे पुढे ढकलणाऱ्याला डोंगरी नाही, ही सोय म्हणावी की गैरसोय?

म्हणून या जिल्ह्यांतल्या वार्ताहरांपुढे करण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला मुदत आहे. १९४८ मध्ये जो बारा वर्षांचा होता तो आता नव्वदीच्या घरात आहे. खटाव, कराड, वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांत अशी माणसे अजून ओट्यावर बसलेली सापडतात. पुण्याच्या पेठांतही सापडतात. दोन्हीकडे जावे. पुण्यातल्या आजींना विचारावे की, कोणी लपवले त्याचे नाव काय, तो हयात आहे का, त्याची मुले कोण. गावातल्या आजोबांना त्या जोत्यापाशी घेऊन जावे आणि विचारावे की, इथला वाडा काय झाला. पहिल्यांदा ते ‘जळालं’ असेच म्हणतील. तिथे वही मिटू नये. चहा होईपर्यंत बसावे.